उजवा रस्ता, डावी सवय

तालुक्याच्या गावातही आता अशी आळी विरळाच, जिथले कोणी परदेशात नाही. कोणाचा मुलगा मस्कतला ट्रक चालवतो, कोणाची मुलगी न्यू जर्सीत नोकरीला आहे, आणि ज्यांची मुले तिकडे आहेत ते आईवडील सहा-सहा महिने नातवंडे सांभाळायला जाऊन येतात. निघण्याआधी ही मंडळी दवाखान्यात येतात. रक्तदाब तपासून घेतात, औषधांची यादी इंग्रजीत लिहून मागतात. विमानात पाय सुजतील का, थंडी सोसेल का, हेही विचारतात. एक गोष्ट मात्र क्वचितच कोणी विचारतो. तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यासाठी काय तयारी करावी?

हा प्रश्न डॉक्टरचा नव्हे, आर.टी.ओ.चा, असे वाचकांना वाटेल. लायसन्सपुरता तो आर.टी.ओ.चाच आहे. आपल्या लायसन्सवर तिथून आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, तो एक वर्ष चालतो, आणि सोबत मूळ लायसन्स बाळगावेच लागते. पण परवाना खिशात असला तरी हात, पाय आणि मान यांना तीस वर्षांचे वळण पडलेले असते. ते वळण कधी उफाळून येते आणि का, हा मात्र वैद्यकाचा विषय आहे.

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, जपान, दक्षिण आफ्रिका येथे आपल्यासारखीच डावी वाहतूक आहे. तिकडे जाणाऱ्यांनी या लेखाची फार काळजी करू नये. अमेरिका, कॅनडा, जर्मनी आणि आखातातले सर्व देश मात्र उजवे. (गोवा पोर्तुगिजांचा असूनही डावाच राहिला. पोर्तुगालने १९२८ साली बाजू बदलली, पण गोव्याचे सगळे रस्ते ब्रिटिश हिंदुस्थानात उतरत होते, तिथे बदलून काय करणार?)

शिकवणी

कॅलिफोर्नियात मुलीकडे काही महिने राहण्याचा योग आला तेव्हा मी रीतसर शिकवणी घेतली. जावईबापूंचाच आग्रह होता. “बाबा, तुम्हाला गाडी येते हे मला माहीत आहे. पण तुम्ही पिंकीला मागे बसवून नेणार आहात,” असे ते म्हणाले, आणि त्यावर बोलण्यासारखे काही नव्हते.

शिकवायला पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांच्याही पायापाशी एक ब्रेक होता. पहिल्या दिवशी त्यांनी अर्धा तास गाडी सुरूच करू दिली नाही. नुसते बसवून ठेवले आणि एकेक गोष्ट हाताने दाखवायला लावली. स्टिअरिंग डावीकडे. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर यांचा क्रम मात्र आपल्यासारखाच, फक्त तिकडच्या बहुतेक गाड्यांना क्लच नसतो, त्यामुळे डाव्या पायाला काम नाही. गिअर उजव्या हाताला. इंडिकेटरची दांडी डावीकडे. आपल्याकडच्या मारुतीसारख्या बहुतेक गाड्यांत ती उजवीकडे असते, म्हणून नवखा माणूस वळताना हमखास वायपर सुरू करतो. कोरड्या उन्हात काचेवर वायपर फिरताना दिसला की मागचे लोक ओळखतात, पाहुणे आलेले आहेत.

मग बाईंनी एक सूत्र सांगितले, ते कुठल्याही देशात उपयोगी पडेल असे आहे. चालक नेहमी रस्त्याच्या मधल्या बाजूला बसतो. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे आणि रस्त्याचा मध्यही उजवीकडे. तिकडे दोन्ही डावीकडे. तुमच्या खांद्याशी फुटपाथ असेल आणि बायकोच्या खांद्याशी समोरून येणारी गाडी, तर तुम्ही चुकीच्या बाजूला आहात. गाडी त्या देशाच्या पद्धतीची हवी, एवढीच अट. अमेरिकेत याला रंगाचीही जोड आहे. समोरासमोरच्या वाहतुकीला वेगळे करणारी रेघ पिवळी असते, आणि एकाच दिशेने जाणाऱ्या पट्ट्यांमधली पांढरी. पिवळी रेघ सतत डाव्या हाताला हवी.

नव्या चालकाची गाडी उजवीकडे सरकत जाते, हे बाईंनी आधीच बजावले होते. कारण साधे आहे. पट्ट्याच्या उजव्या भागात बसून पुढे पाहायची आपल्या डोळ्यांना सवय. डावीकडे बसलेला माणूस नकळत स्वतःला त्याच जागी आणू पाहतो, आणि त्याच्यासोबत सगळी गाडी उजवीकडे जाते. उभ्या गाड्यांचे आरसे त्यात मोडतात. उपाय असा, की बॉनेटकडे न पाहता लांब, आपल्या पट्ट्याच्या टोकाकडे पाहायचे.

वळणांसाठी त्या प्रत्येक वेळी मोठ्याने बोलायला लावत. “तुमच्या भाषेत बोला, मला कळले नाही तरी चालेल,” असे म्हणाल्या. म्हणून कॅलिफोर्नियातल्या चौकाचौकांत मी “उजवे आखूड, डावे लांब” असे म्हणत गाडी वळवीत होतो. आपल्याकडे नेमके उलट असते. डावे वळण कडेकडेने घेता येते, उजव्यासाठी रस्ता ओलांडावा लागतो. तिकडे डावीकडे वळताना समोरची वाहतूक ओलांडून पलीकडच्या रस्त्याच्या उजव्या अंगाला जायचे. मोठ्याने बोलण्याचा फायदा असा, की बोललेली गोष्ट मनाला टाळता येत नाही.

बाकीचे नियम पुस्तकात वाचून येतात. मनाई नसेल तिथे लाल दिव्यावरही पूर्ण थांबून उजवीकडे वळता येते. न्यूयॉर्क शहरात बहुतेक ठिकाणी येत नाही. शाळेच्या पिवळ्या बसचे लाल दिवे लुकलुकू लागले की, मधे दुभाजक नसेल तर, समोरून येणाऱ्यानेही थांबायचे. हे पाठ करता येते, परीक्षाही देता येते. अवघड भाग वेगळाच आहे.

रिकामा रस्ता

मी बाईंना विचारले होते, तुमचे परदेशी विद्यार्थी सर्वांत जास्त कुठे चुकतात? मला वाटले होते, त्या सहा पदरी महामार्गाचे नाव घेतील. त्या म्हणाल्या, “रविवारी सकाळी, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना.”

याचे उत्तर मेंदूच्या रचनेत आहे. नवी गोष्ट करताना मेंदूचा पुढचा, कपाळामागचा भाग राबतो. तो विचार करतो, तोलतो, चुकीच्या हालचालीला अडवतो. हजारो वेळा केलेली गोष्ट मात्र मेंदूच्या खोल भागातल्या, बेसल गँग्लिया नावाच्या केंद्रांच्या हवाली होते. सायकल, शर्टाची बटणे, स्कूटरची किक ही सगळी कामे तिथून विचाराविना चालतात. परदेशात गेलेल्या चालकाच्या डोक्यात या दोघांचे भांडण चालू असते. कपाळ म्हणते उजवीकडे, सवय म्हणते डावीकडे. भर गर्दीत कपाळ जागे असते. शिवाय पुढच्या गाडीमागे जायचे असल्याने चुकायला वावच नसतो. रस्ता रिकामा झाला, गप्पा रंगल्या, मूल मागे रडू लागले, की कपाळाचा पहारा ढिला पडतो आणि जुनी सवय गाडी हातात घेते. आणि हे पहिल्या दिवशी होत नाही. पहिल्या दिवशी माणूस घाबरलेला असतो. ‘आता जमले’ असे वाटू लागते त्यानंतरचे दिवस जोखमीचे.

इंग्लंडमध्ये २७ ऑगस्ट २०१९ रोजी हेच उलट्या बाजूने घडले. क्रॉटन येथील हवाई तळाच्या दारातून एक अमेरिकन बाई गाडी घेऊन बाहेर पडल्या. त्यांना त्या देशात येऊन काही आठवडेच झाले होते, गाडीत त्यांची मुले होती. सवयीप्रमाणे त्या रस्त्याच्या उजव्या बाजूने निघाल्या. समोरून मोटरसायकलवर हॅरी डन नावाचा १९ वर्षांचा मुलगा आला. तो वाचला नाही. पुढे २०२२ साली त्या बाईंनी न्यायालयात गुन्हा कबूल केला.

याच्या उलट स्वीडनची कथा. ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे पाच वाजता त्या सबंध देशाने डावी बाजू सोडून उजवी धरली. मृत्यूंचा खच पडेल अशी भीती होती. प्रत्यक्षात सुरुवातीला अपघात कमी झाले! वेगमर्यादा उतरवली होती हे खरेच, पण सारा देश डोळ्यांत तेल घालून गाडी चालवत होता, हे मोठे कारण. दोनेक वर्षांत लोक निर्धास्त झाले आणि आकडे पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आले.

झोप, गोळ्या आणि साखर

आता दवाखान्याचा भाग. कपाळामागचा हा पहारेकरी फार नाजूक प्रकृतीचा आहे. झोप कमी झाली, साखर उतरली, गुंगीची गोळी घेतली की सर्वांत आधी तो मान टाकतो. सवयीची केंद्रे मात्र चालू राहतात. म्हणून थकलेला माणूस गाडी ‘नीट’ चालवतो, पण आपल्या गावाच्या पद्धतीने.

उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते. शरीराचे घड्याळ विमानात बदलत नाही. ते दिवसाला साधारण एखादा तास सरकते. माणसाला सर्वांत गाढ झोप येण्याची वेळ पहाटे तीन ते पाच. नुकत्याच पोचलेल्या आजोबांच्या शरीरात ही पहाट तिकडच्या दुपारी अडीच ते साडेचारला होते. तीच शाळा सुटण्याची वेळ! सून कामावर, मुलगा मीटिंगमध्ये, आणि आजोबा म्हणतात, “मी आणतो की बंड्याला.” सलग १७ तास जागलेल्या माणसाची चपळाई, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते, असे प्रयोगांत आढळले आहे. मुंबईहून निघून मुलाच्या घरी पोचेपर्यंत याहून जास्त वेळ जातो. तेव्हा विमानतळावरच गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवत जाणे हा शुद्ध अविचार होय. माझ्या मते पहिला आठवडा स्टिअरिंगला हात लावू नये. नंतरही आधी सकाळच्या वेळी, शेजारी जाणते माणूस बसवून, घराजवळच्या रस्त्यांवर चालवावी.

गोळ्यांचे म्हणाल तर आपल्या लोकांच्या प्रवासी पिशवीत गुंगीचा साठाच असतो. उलटी होऊ नये म्हणून अव्होमिन, सर्दीसाठी क्लोरफेनिरामिन असलेली गोळी, विमानात झोप लागावी म्हणून कोणी दिलेली अल्प्राझोलाम. ही शेवटची तर रात्री घेतली तरी दुसऱ्या दिवशी अंगात उरते. सेट्रिझिननेही काहींना झापड येते. या गोळ्या घेतल्या त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही गाडी नको.

मधुमेहाचा विषय थोडा सविस्तर सांगायला हवा. माझे एक रुग्ण निवृत्त मुख्याध्यापक आहेत. रात्री इन्सुलिन, सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी. मुलाकडे टेक्सासला निघाले तेव्हा म्हणाले, “डॉक्टर, नातवाला सकाळी शाळेत सोडायचे काम माझ्याकडे आहे. बसून खायला मी काही जात नाही.” मी म्हटले, “सर, इन्सुलिन आणि ही गोळी, दोन्ही साखर खाली आणतात. जेवणाच्या वेळा बदलल्या, नाष्ट्याला उशीर झाला, की साखर उतरेल. हात थरथरला, घाम आला तर तुम्हाला कळेल. पण पुष्कळ वर्षांच्या मधुमेहात ही लक्षणे बोथट होतात. माणूस शांतपणे गाडी चालवतो आणि वळण चुकीच्या बाजूला घेतो.”

ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकांसाठी एक स्पष्ट नियम आहे, तो मी त्यांना लिहून दिला. गाडी काढण्याआधी दोन तासांच्या आत साखर तपासायची, आणि लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी. तिकडच्या मापात ५, म्हणजे आपल्या मापात ९० पेक्षा कमी असेल तर आधी काही खायचे. ४, म्हणजे ७२ च्या खाली असेल तर गाडी चालवायचीच नाही. गोड खाऊन साखर नीट झाल्यावरही ४५ मिनिटे थांबायचे. मेंदूला सावरायला तेवढा वेळ लागतो. एका सकाळी सरांची साखर ६८ भरली. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. नातवाची शाळा तासभर बुडाली, सूनबाईंना मीटिंग सोडून यावे लागले आणि त्या दिवशी घरात जरा कुरबूर झाली. सरांनी हे मला फोनवर सांगितले तेव्हा ते खट्टू होते. मी त्यांना म्हटले, सूनबाईंना फोन द्या. आणि ६८ म्हणजे काय ते त्यांनाही समजावले.

मान आणि डोळे यांचीही तपासणी हवी. आरशात न दिसणारी बाजू पाहायला खांद्यावरून मान वळवावी लागते, आणि कॅलिफोर्नियात परीक्षा घेणारा अधिकारी ते मुद्दाम पाहतो. आपल्या मानेला उजव्या खांद्यावरून पाहायची सवय असते; तिकडे डाव्या खांद्यावरून बरेच पाहावे लागते. मणक्याच्या झिजेने मान डावीकडे वळत नसेल, तर ते इथेच, निघण्याआधी लक्षात आलेले बरे. डाव्या डोळ्याला मोतीबिंदू किंवा काचबिंदू असेल तर तेही तसेच. रस्त्यात शिरताना पहिली गाडी आपल्याकडे उजवीकडून येते, तिकडे डावीकडून.

पायी चालणाऱ्यांसाठी

आजी गाडी चालवणार नाहीत, म्हणून त्यांना धोका नाही असे समजू नये. १३ डिसेंबर १९३१ रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर विन्स्टन चर्चिल टॅक्सीतून उतरून रस्ता ओलांडत होते. मध्यावर आल्यावर त्यांनी, इंग्लंडात पाहावे तसे, डावीकडे पाहिले. गाडी उजवीकडून आली. रुग्णालयात राहावे लागले, पण माणूस वाचला. आपलीही सवय तीच आहे. तिकडे कडेवरून उतरताना आधी डावीकडे, मध्यावर उजवीकडे पाहायचे. आपल्याकडे उलट्या बाजूनेही स्कूटर येते म्हणून दोन्हीकडे पाहायचे शिक्षण फुकट मिळालेले असते. तिकडची शिस्त पाहून ते सोडू नये.

बाबागाडी ढकलणाऱ्यांनी आणखी सांभाळावे. बाबागाडी आपल्या पुढे दीड हात असते, म्हणजे रस्त्यात आपल्या आधी बाळ उतरते. पायी जाणाऱ्यांचा दिवा लागला तरी लाल दिव्यावर उजवीकडे वळू पाहणाऱ्या चालकावर लक्ष ठेवावे. तो येणाऱ्या गाड्यांसाठी डावीकडे पाहत असतो, आणि आपण त्याच्या उजवीकडून रस्त्यात उतरतो. त्याची नजर आपल्यावर पडली, हे पाहूनच पाऊल टाकावे.

परत आल्यावरही हे सगळे उलट्या क्रमाने भोगावे लागते, आणि पूर्वेकडच्या प्रवासात शरीराचे घड्याळ बहुधा जास्तच रेंगाळते. मुंबईला उतरून स्वतः गाडी हाकत घाट उतरण्याचे धाडस करू नये, ड्रायव्हर बोलवावा. मुख्याध्यापक सर टेक्सासहून परतले तेव्हा त्यांनी विचारले, “स्कूटर कधी काढू?” मी आठ दिवस सांगितले. तोवर ते मंडईत पायी जात, आणि पत्नी सांगतात की चौकात हात धरून मागे ओढावे लागे, कारण सर अजून आधी डावीकडेच पाहत होते.